मरळीचे दुखणे



गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत इतिहासाचा एखादा विषय घ्यावा, अशी चिटणीसांची सूचना होती. मी मत्स्यरोगांच्या संशोधनाचा इतिहास सांगेन म्हणालो, तेव्हा दूरध्वनीवर काही क्षण शांतता पसरली. त्यांची अडचण मी समजू शकतो. आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेला माणूस वयाच्या पंचाहत्तरीनंतर माशांकडे वळला, तर त्याच्या प्रकृतीची चौकशी करणे हे सद्गृहस्थाचे कर्तव्यच होय. परंतु या विषयापर्यंत मी आलो तो माझ्या स्वतःच्या विषयाच्या वाटेने. ती वाट आधी सांगतो.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. १९५६ पर्यंत ते आपल्याच हैदराबाद संस्थानच्या भूप्रदेशात, बिदर जिल्ह्यात होते. मराठीच्या अभ्यासकांना या ग्रंथाचे अप्रूप एवढ्यासाठी, की त्यातील गीतविषयक प्रकरणात प्राचीन मराठीची काही पदे उदाहरणादाखल दिली आहेत. ती दशावतारांची आहेत, आणि त्यांचा प्रारंभ रसातळातून वेद वर आणणाऱ्या मत्स्यरूपापासून होतो. म्हणजे आपल्या भाषेचा जो अगदी जुना ग्रंथगत नमुना हाती आहे, त्याच्या मुखाशीच मासा आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत जी. के. श्रीगोंदेकर यांनी हा ग्रंथ तीन खंडांत संपादित केला. पहिला खंड १९२५ साली निघाला. मी तो विद्यार्थ्यांना शिकवला, ती पदे फळ्यावर लिहून त्यांतील विभक्तिप्रत्यय उलगडून दाखवले, आणि त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे याकडे कितीतरी वर्षे ढुंकूनही पाहिले नाही.

ते पाहिले एका प्राणिशास्त्रज्ञाने. डॉ. सुंदरलाल होरा हे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. त्यांनी १९५१ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणावर निबंध लिहिला आणि सोमेश्वराने दिलेल्या माशांच्या नावांची आजच्या जातींशी सांगड घालण्याचा प्रयत्न केला. मासे समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, कोणाला कोणते खाद्य घालून पोसावे, गळ आणि दोरी कशी असावी, हे सारे त्या राजाने बारकाईने नोंदवले आहे. आपल्या परंपरेत हत्तीसाठी पालकाप्य झाला, घोड्यासाठी शालिहोत्र झाला, झाडांच्या दुखण्यांसाठी वृक्षायुर्वेद झाला. माशाच्या वाट्याला मात्र गळाचे शास्त्र आले. वैद्य आला नाही. तो यायला विसावे शतक उजाडावे लागले. त्या वैद्यकाचा एक अध्याय आपल्या हैदराबादकरांच्या ओळखीच्या माशाभोवती घडला आहे, आणि आज मला मुख्यतः तोच सांगायचा आहे.

तो मासा म्हणजे मरळ. तेलुगूत त्याला कोर्रमीनू म्हणतात. मराठवाड्यातील तळ्यांत, गोदावरीच्या डोहांत आणि तेलंगणातील कुंट्याचेरुवांत तो पूर्वीपासून आहे. डोके सापासारखे, अंग दंडगोल, काटे थोडे. कल्ल्यांखेरीज हवेतून थेट श्वास घेण्याची सोय त्याच्यापाशी असल्यामुळे पाणी आटले तरी तो चिखलात तग धरतो आणि बाजारात घमेल्यातल्या ओंजळभर पाण्यात जिवंत विकला जातो. पिल्ले लहान असेपर्यंत नर-मादी दोघेही त्यांची राखण करतात. तेलंगण राज्याने त्याला राज्यमत्स्याचा मान दिला आहे.

मृग नक्षत्र निघाले की या शहरात मरळीला जे महत्त्व येते ते आपणांस सांगायला नको. बत्तिनी गौड कुटुंबाच्या परंपरेनुसार १८४५ सालापासून दम्याच्या रुग्णांना औषधाची गोळी मरळीच्या जिवंत पिल्लाच्या तोंडात घालून ते पिल्लू गिळायला देतात. जुन्या शहरातील दूधबावलीच्या घरी चालणारा हा प्रघात पुढे नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर आला. या उपचाराला वैद्यकीय पुरावा नाही, असा आक्षेप विवेकवादी संघटनांनी वेळोवेळी घेतला आणि तो मला रास्त वाटतो. कोविडच्या साथीमुळे तीन वर्षे खंडित झालेला हा कार्यक्रम जून २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्या रांगा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. माणसाच्या दुखण्यावर मासा गिळणारी इतकी माणसे पाहून, माशाला दुखणे झाले तर काय, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. तो पडला १९९० च्या आगेमागे.

त्या काळी काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत शहराबाहेरच्या तलावावरून एक गंगपुत्र बाई मासे घेऊन येत असे. आम्ही तिला अम्माच म्हणत असू. डोक्यावर ॲल्युमिनियमचे घमेले, त्यात थोडे पाणी आणि वळवळणाऱ्या चार-पाच मरळी. आमची भाषा म्हणजे निम्मी दखनी, निम्मी तेलुगू. हिवाळ्याचे दिवस होते. माशांच्या अंगावर भयंकर जखमा पडत आहेत, असे मासे खाऊ नयेत, अशा वार्ता वर्तमानपत्रांत येत होत्या. कोणी म्हणे हा रोग माणसाला लागतो. कोणी म्हणे पाण्यातच विष कालवले गेले आहे. अम्मा दारात आली तेव्हा मी तिला हात हलवूनच परत जायला सांगितले. तिने घमेले खाली ठेवले, एक मरळ उचलली, तिची एक कूस दाखवली, मग उलटी करून दुसरी दाखवली. अंगावर ओरखडाही नव्हता. "सार, देखो, साफ है," एवढेच ती म्हणाली. मी दार लावून घेतले. त्या हिवाळ्यात ती पुन्हा आली नाही. पुढच्या वर्षी ती दिसली, तेव्हा तिच्या घमेल्यात कोथिंबीर आणि मेथीच्या जुड्या होत्या.

हा रोग कोणता होता? शास्त्रज्ञांनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थ 'व्रणकारक साथरोग' असा आहे. १९८६ मध्ये बँकॉक येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ते रूढ झाले. पण रोग त्याआधीचा. जपानमध्ये १९७१ साली 'आयू' नावाच्या गोड्या पाण्यातील माशात तो दिसला. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या बोय माशांत दिसला, तिथे त्याला तांबड्या ठिपक्यांचा रोग म्हणत. पुढे पापुआ न्यू गिनी, इंडोनेशिया, थायलंड, ब्रह्मदेश असे मुक्काम करीत १९८८ मध्ये तो बांगलादेशात आला. त्याच वर्षी त्रिपुरा, आसाम आणि मेघालय येथे मासे मरू लागले. तेथून बंगाल, बिहार, ओरिसा आणि पुढच्या काही वर्षांत आंध्र-महाराष्ट्रासह देशाचा बहुतेक भाग त्याच्या कचाट्यात सापडला. पावसाळा सरून पाणी गार होऊ लागले की तो उसळे. प्रथम अंगावर लाल ठिपका, मग खवले गळून उघडा व्रण, आणि शेवटी मांस झडून हाड दिसेपर्यंत खोल गेलेली जखम. सायप्रिनस आणि तिलापिया हे परदेशी मासे या रोगातून बहुधा सुटत. मरळ मात्र सर्वांआधी बळी पडे. आपल्या तळ्यांतला सर्वांत चिवट मासा या रोगापुढे सर्वांत दुबळा ठरला.

कारण शोधताना शास्त्रज्ञांची जी धांदल उडाली ती मला एखाद्या पाठचिकित्सेसारखी वाटते. पोथीच्या शेवटच्या लेखकाच्या चुका सहज दिसतात. मूळ प्रमाद त्यांच्याखाली दडलेला असतो. व्रणात जे आधी सापडले ते होते जिवाणू, त्यातही एरोमोनास. ते प्रत्येक तळ्याच्या पाण्यात असतातच आणि जखम झाली की तेथे गोळा होतात. म्हणून त्यांच्यावरचा आळ टिकला नाही. मग विषाणूची पाळी आली. १९८० नंतरच्या दशकात स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी आग्नेय आशियातील व्रण पडलेल्या मरळींतून एक विषाणू वेगळा केला. तो होता ऱ्हॅब्डो कुळातला, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. माणसाला पिसाळ देणारा रेबीजचा विषाणूही याच कुळातला. एवढे कुलसाधर्म्य अफवेला पुरेसे असते. विषाणू रोगी माशात सापडला हे खरे होते. पण साऱ्याच रोगी माशांत तो सापडेना, आणि निरोगी माशात तो घातला असता तसे खोल व्रण नियमाने उमटेनात. सापडणे आणि कारण असणे यांत अंतर असते, हे तेथे पुन्हा एकदा दिसून आले.

विषाणूचा शोध माशांच्या बाबतीत एवढा अवघड का, हे विद्यार्थ्यांसाठी थोडे थांबून सांगतो. जिवाणू बशीतल्या खाद्यावर वाढतो. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते. म्हणून आधी माशाच्या पेशी प्रयोगशाळेत बाटलीत वाढवाव्या लागतात आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकाव्या लागतात. माशाची अशी पहिली कायम टिकणारी पेशीमालिका अमेरिकेत केन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या जननग्रंथीतून तयार केली व १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. पण ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. आपल्या रोहू-कटल्याच्या अंगातील विषाणू उबदार पाण्याचे. त्यांना घर द्यायचे तर पेशीही इकडच्याच हव्यात.

या कामात महाराष्ट्राचा वाटा आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचे नाव आपण करोनाच्या काळात रोज ऐकले. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र या नावाने सुरू झालेल्या या संस्थेचे मुख्य काम डास-गोचिडींनी पसरणाऱ्या मानवी रोगांचे. तरीही तेथील साठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृगळ माशाच्या कल्ल्यांपासून एक पेशीमालिका तयार करून १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. १९९७ मध्ये रोहूच्या कल्ल्यांची मालिका प्रसिद्ध झाली. साठे, गोगटे, मराठे ही नावे त्या निबंधांच्या शिरोभागी वाचताना मला, आपल्याच आळीतील कुणी परदेशी भेटावे, तसे झाले. ज्या पुण्यात पोथ्यांच्या पाठभेदांवर आमची पिढी वाद घालीत होती, तेथेच काही मैलांवर मृगळीच्या पेशी बाटल्यांत पिढ्या मोजीत होत्या.

मरळीनेही या विद्येला आपला वाटा दिला. स्टर्लिंगच्याच संशोधकांनी मरळीच्या पिल्लांच्या ऊतींतून एक पेशीमालिका वाढवली. समुद्री बास माशांच्या पिल्लांना मज्जासंस्थेचा एक घातक विषाणूजन्य रोग होतो. पिल्ले भोवऱ्यासारखी गरगरत मरतात. आपल्याकडच्या जिताड्याच्या पिल्लांनाही तो होतो. त्याचा विषाणू कोणत्याच पेशीत वाढत नव्हता. १९९६ मध्ये तो प्रथम या मरळीच्या पेशींत वाढला, आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा त्या पेशी वापरीत आल्या आहेत. विशेष म्हणजे, त्या पेशींच्या आतच आणखी एक विषाणू मुळापासून मुक्कामाला होता! तो पेशींना मारीत नव्हता, एवढेच. नामपल्लीच्या मैदानावर जी बोटभर पिल्ले गिळली जातात, त्यांच्याच जातभाईंची ही कथा.

आता मूळ आरोपीकडे वळू. रोगट मांसाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आत रुंद, फांद्या फुटलेले तंतू दिसत. ही बुरशी नंतर येऊन बसलेली असणार, असे पुष्कळांनी गृहीत धरले होते. कारण व्रणातून नमुना घेऊन बशीत ठेवला की भराभर वाढणाऱ्या सामान्य पाणबुरशा साऱ्या बशीचा ताबा घेत आणि खरा तंतू त्यांच्याखाली गुदमरून जाई. तो अतिशय सावकाश वाढणारा होता. काहींनी धीर धरून, व्रणाच्या तळातील कोवळ्या मांसाचा कण नेमका उचलून, तो शुद्ध स्वरूपात वाढवला. जपानी संशोधकांनी अशाच बुरशीला पूर्वीच नाव दिले होते. ऑस्ट्रेलियात फ्रेझर, कॅलिनन आणि काल्डर यांनी १९९२ मध्ये आपल्या व्रणांतून तीच काढली. थायलंडमध्ये रॉबर्ट्स, विलोबी आणि चिनाबुत यांच्या गटाने काढली. पुढे हे सारे नमुने शेजारी ठेवले तेव्हा तीन देशांतील तीन रोग म्हणजे एकच रोग आणि तीन बुरशा म्हणजे एकच जीव, असे निघाले. त्याचे नाव ॲफॅनोमायसेस इन्व्हाडन्स. आजच्या वर्गीकरणात तो खऱ्या बुरशीत बसत नाही, तपकिरी शेवाळांच्या गोतावळ्यात बसतो. पण ते असो. त्याचे पोहणारे सूक्ष्म बीजाणू पाणी गार झाले की माशाच्या कातडीवर चिकटतात आणि तंतू होऊन थेट मांसात उतरतात. विषाणू वा अन्य कशाने कातडीचा बंदोबस्त ढिला झाला असेल तर त्यांचे फावते. म्हणजे विषाणू निर्दोष सुटला असे नव्हे. मुख्य आरोपीच्या यादीतून त्याचे नाव वगळले गेले, एवढेच.

या जिवाविषयीची एक गोष्ट मी वाचली ती मात्र बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीनंतर. तो ३७ अंश सेल्सिअस तापमानाला वाढत नाही. माणसाच्या शरीराचे तापमान तेवढेच असते. म्हणजे तो माणसाच्या अंगात रोग करील ही भीती निराधार होती. शिजवलेल्या माशाची तर गोष्टच नको. सडलेल्या व्रणाचा मासा कोणी खाऊ नये हे उघड आहे, पण निर्मळ कुशीची मरळ नाकारण्याला कारण नव्हते. देशभर त्या वर्षांत लोकांनी मासे सोडले, बाजार पडले, आणि ज्यांच्या तळ्यांत एकही मासा आजारी नव्हता अशा भोई, बेस्त, गंगपुत्र घरांचीही चूल त्या भीतीने थंडावली. रोगाने मारले त्याहून अधिक अफवेने मारले, असे मी आकड्यांनिशी सिद्ध करू शकणार नाही. माझ्या दारातले एक घमेले तेवढे मला ठाऊक आहे.

उपायांचा इतिहास थोडक्यात सांगून होण्यासारखा आहे. तळ्यात चुना टाकावा, हिवाळ्याआधी बाहेरचे पाणी व रानमासे आत येऊ देऊ नयेत, हा मुख्य उपाय. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने 'सिफॅक्स' नावाचे औषध तयार केले, त्याचा शेतकऱ्यांना उपयोग झाला. रोग नाहीसा झाला नाही; तो मुरला. २००६-०७ मध्ये तो आफ्रिकेत झांबेझीच्या खोऱ्यात पोहोचला.

पण या शहराला खरा विषाणू भेटला तो कोळंबीच्या रूपाने. १९९४ साली आंध्रच्या किनाऱ्यावरील, विशेषतः नेल्लोरकडील टायगर कोळंबीच्या तळ्यांत कवचावर पांढरे ठिपके उमटू लागले आणि आठवड्याच्या आत सबंध तळी मरून जाऊ लागली. हा विषाणू पूर्व आशियातून आलेला. त्याच्यावर आजही औषध नाही. कर्ज काढून तळी खोदलेल्यांची धूळधाण उडाली. पुढे ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीवरील अशा शेतीविरुद्ध प्रसिद्ध निर्णय दिला, आणि २००५ मध्ये तिच्या नियमनासाठी स्वतंत्र कायदा आला. गोड्या पाण्यातील पोशा झिंग्याच्या पिल्लांची शेपटी पांढरी करून मारणाऱ्या आणखी एका विषाणूचा छडा लावण्यात तमिळनाडूतील मेलविशारम या लहान गावच्या सी. अब्दुल हकीम महाविद्यालयाने नाव मिळवले. तेथील प्रा. साहुल हमीद यांच्या प्रयोगशाळेला त्या रोगासाठी आंतरराष्ट्रीय संदर्भकेंद्राचा दर्जा मिळाला. महाविद्यालयात हयात काढलेल्या माझ्यासारख्याला या गोष्टीचा अभिमान वाटतो, आणि थोडी लाजही वाटते.

आपल्या शहराकडे या कथेचा एक धागा २००६ मध्ये परत आला. त्या वर्षी राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळ स्थापन झाले व त्याचे मुख्यालय हैदराबादेत आले. पी. व्ही. नरसिंह राव द्रुतगती मार्गावरून विमानतळाकडे जाताना राजेंद्रनगरपाशी माशाच्या आकाराची जी इमारत दिसते, तीच ही. (ज्यांचे नाव त्या मार्गाला आहे त्यांनी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली, याची आठवण मराठी माणसाला त्या वळणावर व्हायला हरकत नाही.) या मंडळाच्या साहाय्याने आणि लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्थेच्या समन्वयाने २०१३ मध्ये जलचरांच्या रोगांवर देशव्यापी पाळत ठेवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. अशा शोधांतूनच शोभेच्या सोनमाशांतील नागीणवर्गीय विषाणू, तिलापियाला मारणारा विषाणू हे आपल्या देशात आल्याचे उघड झाले. तिलापियाचा हा विषाणू बंगाल व केरळमध्ये सापडल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. जून २०२३ पासून मासे मरू लागताच शेतकऱ्याने आपल्या भ्रमणध्वनीवरून खबर द्यावी, अशीही सोय झाली आहे. १९८८ मध्ये आगरतळ्याच्या तळ्यावरची खबर शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचायला किती दिवस लागले असतील, याची कल्पना करावी.

गेल्या मृगाला मी नातवाला घेऊन रामनगरच्या मासळीबाजारात गेलो होतो. मृगाच्या दिवशी मासा खायचा, हा इथला रिवाज तेलुगू शेजाऱ्यांकडून आमच्या घरातही आलेला आहे. गर्दी अफाट होती. एका तरुण विक्रेतीपुढच्या टबात मरळी होत्या. मी एकीकडे बोट दाखवले. तिने ती उचलली, काट्यावर टाकण्याआधी मला तिची एक कूस दाखवली, मग उलटी करून दुसरी दाखवली. मी काही विचारले नव्हते. नातवाने विचारले, "असे का दाखवतात, आजोबा?" ती कामात होती, तिने मरळ काट्यात टाकली आणि किंमत सांगितली.